ए-गटाची कथा : हेरकथेतील समूहनायक

हेरकथेला साहित्याच्या पंक्तीस बसवावे की नाही, ह्या प्रश्नावर आपली समीक्षा बहुतेक काळ मौन पाळून राहिली आहे. मौन हाही एक निवाडाच असतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या घराघरांत वाचल्या गेल्या. पण वाङ्मयाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख आलाच, तर तो लोकप्रियतेचे उदाहरण म्हणून येतो, वाङ्मयाचे उदाहरण म्हणून क्वचितच. 'अर्नाळकर' हे नावही खरे नव्हते. त्यामागची व्यक्ती चंद्रकांत सखाराम चव्हाण ही होती. टोपणनावाचा हा पडदा आणि हेरकथा ह्यांचे नाते केवळ मराठीपुरते नाही. प्रस्तुत लेखात ज्या स्वीडिश मालिकेचा विचार करावयाचा आहे, तिच्या मुळाशीही असाच एक पडदा आहे, आणि तो एका समीक्षकाने स्वतःच्या चेहऱ्यावर ओढून घेतलेला आहे.

यान आर्नाल्ड हे १९६३ साली जन्मलेले स्वीडिश लेखक व साहित्यसमीक्षक. स्वतःच्या नावाने त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, वृत्तपत्रांतून ग्रंथपरीक्षणे केली, 'आर्टेस' ह्या वाङ्मयीन नियतकालिकाच्या संपादनात भाग घेतला. १९९५ साली त्यांनी आर्तूर लुंडक्विस्त ह्या कवीवर प्रबंध सादर केला. त्याचे शीर्षक मराठीत सांगावयाचे तर 'साहित्यप्रकारांची जुलूमशाही' असे होईल. लुंडक्विस्त हे आपल्याला अगदीच परके नाहीत. भारतातील प्रवासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले होते, आणि कविता, प्रवासवर्णन, कथा ह्यांच्यामधील कुंपणे ओलांडणे हा त्यांच्या लेखनाचा स्वभावच होता. ह्या कुंपणांचा अभ्यास करणाऱ्या पंडिताने तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, 'आर्ने डाल' हे नाव धारण करून एक पोलिसी कादंबरी प्रसिद्ध केली, आणि ती आपण लिहिली आहे हे काही वर्षे जगाला कळू दिले नाही. साहित्यप्रकारांच्या जुलमाविरुद्ध प्रबंध लिहिणाऱ्यालाही त्या जुलमाला एवढे भ्यावे लागले, ह्यातील उपरोध त्यालाही जाणवला असावा. कारण त्या कादंबरीत, 'ओंत ब्लूद' म्हणजे 'दूषित रक्त' हिच्यात, पहिला बळी पडतो तो एक स्वीडिश साहित्यसमीक्षक! न्यूअर्कच्या विमानतळावर त्याचा छळ करून खून होतो, आणि खुनी त्याच्याच जागी बसून स्टॉकहोमच्या विमानाने स्वीडनमध्ये उतरतो. समीक्षकाच्या मृतदेहावरून हेरकथेने देशात प्रवेश केला, असे ह्याचे रूपक करण्याचा मोह मला आवरत नाही. पण तो मोह येथेच सोडून देतो.

१९९८ ते २००७ ह्या काळात ह्या मालेतील दहा कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांवरून तयार झालेली 'आर्ने डाल' हीच नाममुद्रा असलेली दूरचित्रवाणी मालिका स्वीडिश दूरचित्रवाणीसाठी २०११ मध्ये सुरू झाली. तिचे दुसरे पर्व २०१५ मध्ये आले. पहिल्या पर्वात पाच कादंबऱ्या आणि दुसऱ्यात पाच, आणि प्रत्येक कादंबरीस दोन दीर्घ भाग, अशी तिची रचना आहे. २०१३ साली ब्रिटनमध्ये ती दाखविली गेली आणि इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे ती स्कँडिनेव्हियाबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

मालिकेचा विषय थोडक्यात असा. देशातील बड्या भांडवलदारांचे एकापाठोपाठ एक खून होऊ लागतात. रूढ यंत्रणेला हा तपास झेपणार नाही असे दिसताच, आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या हिंसक गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय पोलिसदलात एक छोटा स्वतंत्र गट स्थापन केला जातो. हाच 'ए-गट'. त्याची प्रमुख हुल्टिन देशभरातून माणसे निवडते, आणि ही निवड हेच कथेचे पहिले नवल आहे. शिपाई निवडताना जे गुण पाहावेत, ते येथे पाहिलेले दिसत नाहीत. पाहिलेली दिसते ती प्रत्येकाची कुठेतरी न बसण्याची खोड.

पाउल येल्म ह्याच्यापासून सुरुवात करू. स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील उपनगरात परदेशी नागरिकांच्या कचेरीत एक हताश निर्वासित बंदूक घेऊन शिरतो आणि तेथील लोकांना ओलीस धरतो. येल्म आज्ञेची वाट न पाहता आत जातो, गोळी झाडतो आणि सर्वांना सोडवितो. दुसऱ्या दिवशी तो वृत्तपत्रांचा वीर आहे आणि खात्यातील चौकशीचा आरोपीही आहे. चौकशी करणारे त्याला जो प्रश्न विचारतात, तो मालिका कधीच पूर्णपणे मिटू देत नाही : समोरचा माणूस परदेशी नसता, तर तू गोळी झाडली असतीस काय? येल्मला ह्याचे उत्तर ठाऊक नाही. नायकाने आपल्या शौर्याच्या मुळाशी काय आहे हे न जाणता कथेत प्रवेश करावा, ही हेरकथेच्या दृष्टीने असाधारण गोष्ट आहे. शेरलॉक होम्सला स्वतःविषयी कधीही शंका येत नाही. त्याच्या शंका नेहमी इतरांविषयी असतात.

बाकीचे पाहा. गुन्नार न्यूबेरी हा अगडबंब देहाचा माणूस. कधीकाळी शरीर कमावण्याच्या स्पर्धांत तो पहिला आला होता; त्यासाठी घेतलेल्या औषधांनी त्याच्यातील पशू जागा झाला आणि त्याने बायकोला मारहाण केली. आता तो चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गातो, आणि आपल्या हातांना भिऊन जगतो. शेर्स्टिन होल्म ही गोथेनबर्गहून आलेली, तीही गाणारी. विग्गो नोर्लान्डेर हा नियमांचा माणूस. पण एके दिवशी नियम बाजूला ठेवून तो एकटाच टालिनला जातो आणि तेथील गुंड त्याचे हातपाय जमिनीला खिळ्यांनी ठोकून ठेवतात. आर्तो सोडेरस्टेट हा फिनलंडमधील स्वीडिशभाषक अल्पसंख्याकांपैकी एक. वकील म्हणून धनाढ्य गुन्हेगारांची बाजू मांडून मांडून विटलेला, आणि म्हणून पोलीस झालेला. होर्हे चावेस हा चिलीतून आलेल्या निर्वासितांचा मुलगा. १९७३ साली चिलीत लष्करी उठाव झाल्यानंतर अनेकांनी स्वीडनचा आश्रय घेतला होता, त्यांच्या पुढच्या पिढीतील हा. उत्तरेकडील सुंडस्वाल गावी काळ्या केसांचा एकुलता एक पोलीस म्हणून त्याने दिवस काढलेले.

ही यादी वाचताना कोणासही वाटेल की प्रत्येकाला एकेक जखम वाटून देण्याची ही क्लृप्ती आहे. काही अंशी तसे आहेही, आणि दूरचित्रवाणीवर ती क्लृप्ती कादंबरीपेक्षा अधिक उघडी पडते. परंतु ह्या माणसांना एकत्र आणण्यामागे लेखकाचा जो हेतू आहे, तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

स्वीडिश पोलिसी कादंबरीचे आद्य प्रवर्तक म्हणजे माय शोवाल आणि पेर वालो ही लेखकजोडी. १९६५ ते १९७५ ह्या दशकात त्यांनी मार्टिन बेक ह्या तपासाधिकाऱ्याभोवती दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या दहाही मिळून एकच कादंबरी आहे असे सांगितले. तिला त्यांनी 'एका गुन्ह्याची कादंबरी' हे उपशीर्षक दिले. तो एक गुन्हा कोणता? त्यांच्या डाव्या दृष्टीने पाहता, कल्याणकारी राज्याने आपल्याच जनतेशी केलेला विश्वासघात हा तो गुन्हा होय. अमेरिकन लेखक एड मॅकबेन ह्याच्या पोलिसठाण्याच्या कथांचे ह्या जोडीने स्वीडिशमध्ये भाषांतर केले होते, आणि एकट्या प्रतिभावंत हेराऐवजी कुरकुरणाऱ्या, थकलेल्या, एकमेकांना कंटाळलेल्या सहकाऱ्यांचा समूह हे दृश्य ह्या परंपरेत रुजले. आर्ने डाल ह्याने दहाच कादंबऱ्यांचा संच योजावा, ह्यात ह्या पूर्वसूरींना केलेले वंदन स्पष्ट आहे. मध्यंतरी १९९१ पासून हेनिंग मान्केलचा वालांडर जगभर गाजला. पण वालांडर पुन्हा एकटा होता. खिन्न, मधुमेही, रात्री संगीत ऐकत बसणारा एकटा. डालने हा एकटेपणा मोडून समूह पुन्हा रंगमंचावर आणला.

समूह का? येथेच मालिकेचे मर्म आहे असे मी समजतो. १९२८ साली पेर आल्बिन हान्सोन ह्या समाजवादी नेत्याने संसदेत एक प्रतिमा मांडली : राष्ट्र हे सर्व लोकांचे एक घर असावे, आणि त्या घरात कोणी लाडका व कोणी सावत्र नसावा. स्वीडनच्या पुढील अर्धशतकाच्या राज्यव्यवहाराला ह्या प्रतिमेने आकार दिला. १९८६ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान उलोफ पाल्मे ह्यांचा स्टॉकहोमच्या रस्त्यावर खून झाला. अवाढव्य यंत्रणा कामाला लागली, वर्षे उलटली, आणि कोणावरही गुन्हा अखेरपर्यंत शाबीत झाला नाही. २०२० मध्ये तो तपास बंद करण्यात आला. त्यानंतर बँकांचे संकट आले. सप्टेंबर १९९२ मध्ये चलन वाचविण्यासाठी मध्यवर्ती बँकेने एक व्याजदर ५०० टक्क्यांपर्यंत नेला. बुडणाऱ्या बँका राज्याने आपल्या अंगावर घेतल्या. ज्यांनी पैसा उधळला ते सुटले आणि भुर्दंड घराला, म्हणजे त्या 'लोकांच्या घरा'ला, पडला. १९९५ पासून देश युरोपीय संघाचा सभासद झाला आणि सीमा सैल झाल्या. ए-गट जन्मतो तो ह्या पार्श्वभूमीवर. मोठी यंत्रणा पाल्मेच्या खुन्यापर्यंत पोहोचली नाही. तेव्हा सात-आठ माणसांची लहानशी खोली तरी एकत्र विचार करू शकते काय, हे पाहावयाचे. त्या खोलीत फिनलंडचा माणूस आहे, चिलीचा मुलगा आहे, पश्चात्तापदग्ध पती आहे, परदेशी माणसावर गोळी झाडलेला पोलीस आहे. हान्सोनचे घर जणू आकसून एका कचेरीएवढे उरले आहे. 'चाकोरीबाहेरच्या हेरांचा गट' एवढेच जर आपण ह्यात पाहिले, तर ते केवळ रंजक वैचित्र्य ठरेल. घराबाहेर पडलेल्यांचे हे एक घर आहे, असे पाहिल्यास त्यातला आशय हाती लागतो.

समूहाने रहस्य उलगडावे ही कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही, असे कोणी म्हणेल. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात हेरांचा केवढा संभार आहे! यमपट घेऊन गात फिरणारा निपुणक राक्षसाची मुद्रा घेऊन येतो आणि सबंध नाटक त्या मुद्रेवर फिरते. पण तेथे सर्व सूत्रे चाणक्याच्या बोटांत आहेत. हेरांपैकी कित्येकांना आपण कोणत्या डावातले प्यादे आहोत हेही ठाऊक नसते. बुद्धी एक, हात अनेक. ए-गटात नेमके उलट आहे. हुल्टिन फळ्यासमोर उभी राहते आणि बहुतेक वेळा ऐकते. एकाला सुचलेला धागा दुसरा तोडतो, तिसरा त्याच तुटक्या टोकाला काही तरी जोडतो. सत्य कोणा एकाच्या डोक्यात प्रकट होत नाही, ते बोलण्याच्या ओघात दोन माणसांच्या मध्ये कुठेतरी तयार होते. गटातील दोघांना गायकवृंदात गाणारे केले आहे, हा तपशील म्हणूनच निव्वळ शोभेचा वाटत नाही.

पहिली कथा 'मिस्टेरिओसो' ही ह्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे. खुनी रात्री बळीच्या दिवाणखान्यात वाट पाहत बसतो, डोक्यात दोन गोळ्या घालतो, भिंतीत रुतलेल्या गोळ्या काढून घेतो, आणि हे सर्व करताना थेलोनियस मंक ह्या अमेरिकन पियानोवादकाची 'मिस्टेरिओसो' ही रचना ऐकतो. रशियन टोळ्या, गुप्त बंधुसंघ, आंतरराष्ट्रीय कट अशा भव्य दिशांना गट धावतो. कादंबरीत शेवटी जो सापडतो, तो एका लहान गावातील बँकेचा, नोकरी गेलेला कर्मचारी असतो. आयुष्यभर निष्ठेने गल्ल्यामागे बसलेला, बाण फेकण्याच्या खेळात तरबेज असा साधा माणूस. बँकांच्या संकटाचा हिशेब त्याने आपल्या पद्धतीने चुकता करावयास घेतलेला. येथे वाचकाची कुचंबणा होते. खुन्याविषयी सहानुभूती वाटते, आणि ती वाटते म्हणून स्वतःविषयी भय वाटते. कादंबरी ह्या कुचंबणेत आपल्याला पुष्कळ वेळ ठेवते. मालिकेला तेवढी सवड नाही. पाठलाग, आरोळी, बंदूक ह्यांची तिला घाई आहे. मंकची ती अडखळत चढणारी स्वरावली कादंबरीत तपासाच्या लयीशीच एकरूप होते, पडद्यावर ती निव्वळ खूण म्हणून वाजते. ज्या माध्यमात संगीत प्रत्यक्ष ऐकू येते, तेथे ते कमी अर्थपूर्ण ठरावे आणि मुक्या छापील पानावर अधिक, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

'युरोपा ब्लूज' ही दुसरी लक्षणीय कथा. स्टॉकहोमच्या स्कान्सेन ह्या प्राणिसंग्रहालयात वुल्व्हरीन नावाच्या हिंस्र श्वापदांच्या कुंपणात माणसाचे अवशेष सापडतात. पूर्व युरोपातून आलेल्या काही स्त्रिया एका वसतिस्थानातून नाहीशा होतात. ज्यू दफनभूमीत एक वृद्ध विद्वान उलटा टांगलेला आढळतो. ह्या तीन घटनांना जोडणारा धागा एकीकडे नाझी राजवटीतील वैद्यकीय छळापर्यंत जातो आणि दुसरीकडे इस्किलसच्या शोकात्मिकेपर्यंत, तिच्यातील सूडदेवतांपर्यंत. समीक्षक आर्नाल्ड येथे हेरकथाकार डालच्या खांद्यावरून डोकावतो हे खरे, आणि कधी कधी तो जरा जास्तच डोकावतो. ग्रीक शोकात्मिकेत सूडदेवतांना अखेर न्यायसभेत स्थान मिळते, त्यांचा कोप नगराच्या कायद्यात सामावला जातो. आजच्या युरोपात विकल्या गेलेल्या स्त्रियांचा कोप सामावून घेईल अशी न्यायसभा कोठे आहे, हा प्रश्न कादंबरी विचारते. उत्तर देण्याचा आव ती आणत नाही, आणि गटातील माणसे कायद्याचे नोकर असूनही त्यांच्या मनात क्षणभर का होईना, सूडाची बाजू बरोबर वाटून जाते.

ह्याउलट 'डे स्टोर्स्ता वात्तेन', म्हणजे 'महाजल', ह्या कथेतील आघात साधा आणि सरळ आहे. बेकायदा राहणाऱ्या एका आफ्रिकन माणसाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू होतो. येल्मच्या पहिल्या गोळीचा हा प्रतिध्वनी आहे हे न सांगताही कळते.

मालिकेने केलेल्या बदलांपैकी एक मात्र मला कादंबरीपेक्षा अधिक योग्य वाटतो. कादंबरीतील गटप्रमुख यान-उलोव हुल्टिन हा पुरुष आहे. मालिकेत ती येनी हुल्टिन झाली आहे आणि इरेने लिंड ह्या अभिनेत्रीने ती साकारली आहे. मूळ हुल्टिनच्या कोरड्या अधिकाराला तिच्या ठायी एक निराळीच धार येते. ती समजूत घालीत नाही, आवाज चढवीत नाही. कोणी मूर्खपणा केला तर नुसती पाहते. न्यूबेरीच्या भूमिकेत माग्नुस सामुएल्सोन आहे. हा व्यवसायाने नट नव्हे. १९९८ साली 'जगातील सर्वांत बलवान पुरुष' ही स्पर्धा त्याने जिंकली होती. अभिनयाच्या शिक्षणाचा अभाव त्याला येथे उपकारकच ठरला आहे. आपल्या देहाचे काय करावे हे न कळलेला माणूस त्याला करून दाखवावा लागत नाही. शांती रोने ह्याचा येल्म आणि मालिन आर्विडसोनची होल्म हे दोघे मात्र पहिल्या काही भागांत त्यांच्यातील प्रेमप्रकरणाच्या ओझ्याखाली वाकलेले दिसतात. विवाहित सहकाऱ्यांमधील आकर्षण हा विषय दूरचित्रवाणीला सोयीचा असेल. ज्या कथेत मुळात समूह हाच नायक आहे, तेथे कॅमेरा दोघांवर वारंवार खिळला की बाकीचे सारे पार्श्वभूमीला जातात.

स्कँडिनेव्हियातून त्याच सुमारास आलेल्या दोन मालिका जगात अधिक गाजल्या : डेन्मार्कची 'फोर्ब्रुडेल्सेन' (२००७) आणि स्वीडन-डेन्मार्कची 'ब्रोन' (२०११). दोन्हींत एकेक विलक्षण स्त्री-अधिकारी केंद्रस्थानी आहे आणि प्रेक्षकाच्या स्मरणात राहते ती तीच. सारा लुंडचा लोकरी सदरा जगभर विकला गेला. ए-गटाच्या वाट्याला अशी कीर्ती आली नाही. समूहाचा सदरा विकता येत नाही. ह्या मालिकेचे दिग्दर्शनही त्या दोहोंइतके नेटके व संयत नाही, हे मान्य केले पाहिजे. काही कथा ठोकळेबाज आहेत, योगायोगांची रेलचेल आहे. तरीही त्या दोन मालिका संपल्यावर मनात एक व्यक्ती उरते, आणि ही संपल्यावर एक खोली उरते. माणसे बोलत असलेली, एकमेकांना खोडून काढीत असलेली.

दुसऱ्या पर्वात हुल्टिन नाही. मध्यंतरी गट मोडला गेला होता. तो पुन्हा उभा राहतो तेव्हा त्याची प्रमुख शेर्स्टिन होल्म असते. येल्म गटात नाही. तो आता पोलिसांच्याच वर्तनाची चौकशी करणाऱ्या विभागात आहे. ज्या टेबलाच्या एका बाजूला बसून त्याने पहिल्या भागात तो प्रश्न ऐकला होता, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आता तो बसला आहे, आणि समोर त्याचे जुने सहकारी कधीही येऊन बसण्याचा संभव आहे.